आधी पांदण मोजा, मग शोरूम गाठा: गावात राहणाऱ्यांनी मिडसाइज सेडान कशी निवडावी

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावाला फाट्यापासून अडीच किलोमीटर डांबर आहे, मग नाल्यावरचा रपटा, आणि रपट्यापासून घरापर्यंतची चारशे पावलं म्हणजे पांदण. गेल्या दिवाळीत साडूची सेडान पुण्याहून रात्रभर धावत आली, तिला काही झालं नाही. त्या चारशे पावलांत मात्र तिचं चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, फुटलं. चाकं बंडीच्या चाकोरीत गेली, मधला उंचवटा खालून लागला आणि सकाळी ओसरीसमोर ऑइलचं थारोळं दिसलं. तालुक्याहून आलेल्या मिस्त्रीनं खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, "गाडी तं मस्त हाये गुरुजी, पन हे गाडी या रस्त्याची नाई."

मला नेमकी तेव्हाच गाडी घ्यायची होती. घरात आई-बाबा, आम्ही दोघं, दोन पोरं. आजवर मोटारसायकल आणि काळीपिवळीवर निभावलं. पण महिन्याला एकदा सेवाग्रामच्या दवाखान्यात आईला न्यायचं, अमरावतीला बहिणीकडे, कधी नागपूर, लग्नसराईत तर विचारूच नका. पुढचे चार महिने मी सेडान बघत, मोजत आणि शोरूमवाल्यांचं डोकं खात फिरलो. त्यातून जमलेली ही रीत पहिल्यांदाच चारचाकी घेणाऱ्यांसाठी लिहितोय. गाड्यांची तुलना सगळे इंजिनापासून सुरू करतात. आपण उलट्या टोकानं, म्हणजे दारापासून सुरू करू.

रस्ता मोजायचा, तोही काडीनं

गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची उंची म्हणजे ग्राउंड क्लिअरन्स. होंडा सिटीचा तो 165 मिलिमीटर आहे, स्कोडा स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टसचा 179. आकडा छान वाटतो, पण तो रिकाम्या गाडीचा असतो. आपली गाडी कधी रिकामी असते?

साडूच्या गाडीचं चेंबर बदलून झाल्यावर मी टेप घेऊन खाली आडवा झालो. रिकामी असताना सगळ्यात खालचा भाग साडेसोळा सेंटिमीटरवर होता. मग पुढे दोघं, मागे तिघं बसवले, डिक्कीत गव्हाचे दोन कट्टे टाकले आणि परत मोजलं. साडेतेरा. तीन सेंटिमीटर गेले ते स्प्रिंगा दबण्यात. म्हणून कुठल्याही सेडानच्या छापील आकड्यातून तीन सेंटिमीटर वजा करा आणि उरेल तोच आपला आकडा समजा.

आता तुराटीची एक सरळ काडी घ्या आणि तेवढ्या लांबीची तोडा. सिटीसाठी साडेतेरा सेंटिमीटर, स्लाव्हिया-व्हर्टससाठी पंधरापेक्षा जराशी कमी. बांबूची एक सरळ काठीही सोबत घ्या. पांदणीत जिथे मधला उंचवटा जास्त आहे तिथे काठी आडवी टेकवा, म्हणजे ती उंचवट्यावर टेकेल आणि दोन्ही टोकं चाकोऱ्यांच्या वर अधांतरी राहतील. आता चाकोरीच्या तळापासून काठीपर्यंत तुराटी उभी करून बघा. काडी काठीला लागली तर गाडी निघेल. काडी आखूड पडली तर तिथे चेंबर घासणार. आमच्या चारशे पावलांत काडी तीन ठिकाणी आखूड पडली. त्यातल्या दोन ठिकाणी कुदळीनं उंचवटा उतरवला आणि चाकोरीत मुरूम टाकला. तिसऱ्या ठिकाणी मोठा दगड होता, तो दोघांनी मिळून सब्बलीनं काढला. एक ट्रॉली मुरूम आणि एका दिवसाची मजुरी यात जे काम झालं, ते गाडीच्या वरच्या मॉडेलवर दीड लाख जास्त घालूनही झालं नसतं.

हे मोजमाप पावसाळ्याआधी करून भागत नाही. काळी माती पाणी पिऊन फुगते, ट्रॅक्टरची चाकं खोल रुततात आणि ऑगस्टमध्ये चाकोरी मे महिन्यापेक्षा चार-पाच बोटं खोल असते. पोळ्याच्या सुमारास परत काडी घेऊन जा. तेव्हा पांदण निघतच नसेल तर दोनच रस्ते उरतात. एक तर चार महिने गाडी रपट्याच्या अलीकडे कुणाच्या अंगणात उभी करायची, नाहीतर सेडानचा नाद सोडायचा. यात लाजण्यासारखं काही नाही. ज्याच्या घरापर्यंत पक्का रस्ता नाही आणि होण्याची लक्षणंही नाहीत, त्यानं उंच गाडी घ्यावी आणि हा लेख इथेच ठेवावा.

दुसरं माप पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतराचं, म्हणजे व्हीलबेसचं. सिटीचं 2600 मिलिमीटर, स्लाव्हिया-व्हर्टसचं 2651, ह्युंदाई वेर्नाचं 2670. अंतर जास्त तितकी मागच्या सीटवर पायांना जागा जास्त. पण ब्रेकरचा उंच कुबड चढताना दोन चाकांच्या मधलं पोट लागण्याची भीतीही तितकीच जास्त. गावोगावी लोकांनी स्वतः घातलेले सिमेंटचे ब्रेकर तुम्हाला ठाऊक आहेतच, त्यांना ना माप ना पट्टा. असा ब्रेकर तिरपा घ्यायचा, एका वेळी एक चाक. गाडी भरलेली असेल तर मागच्या तरण्या माणसांना दहा पावलं चालायला लावायचं.

फाटकही मोजा. या गाड्या साडेचार मीटरपेक्षा लांब, म्हणजे जवळपास पंधरा फूट, आणि पावणेसहा फूट रुंद. आरसे त्याच्या बाहेर. ज्या फाटकातून बंडी जाते त्यातून गाडी जाईलच असं नाही, कारण बंडी सरळ जाते आणि गाडीला वळावं लागतं.

गाडीत आईला बसवून बघा

शोरूममध्ये आपण स्टिअरिंगवर बसतो, स्क्रीन चाळतो, आणि बाकीचे सोफ्यावर चहा पितात. आमच्याकडे आईच्या गुडघ्यांमुळे हे उलट झालं. पहिल्या गाडीपाशी तिनं पदर खोचला, दाराच्या वरच्या कडेला हात लावला, पाठ गाडीकडे करून बसायला गेली आणि शेवटचं वीतभर अंतर सीटवर अक्षरशः पडली. उतरताना पाय बाहेर आला, पण अंग वर येईना. शेवटी धाकट्यानं हात दिला. दुसऱ्या गाडीत सीट दोन बोटं उंच असेल-नसेल, पण दार जास्त उघडत होतं आणि वरचा दांडा हाताला बरोबर सापडत होता. तिथे ती एकटी उतरली. कंपनीच्या कुठल्याही माहितीपत्रकात हे दोन बोटांचं अंतर लिहिलेलं नसतं.

म्हणून घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला शोरूममध्ये न्या आणि पाच वेळा चढ-उतार करायला लावा. सेल्समन गालातल्या गालात हसेल. हसू द्या. सेडानची बैठक उंच गाड्यांपेक्षा खाली असतेच, तिचा तो स्वभाव आहे. आई उतरू शकत नसेल तर त्या गाडीची डिक्की, सनरूफ, स्पीकर यांच्यावर बोलायचं कारणच उरत नाही.

मग मागे तिघांना बसवा. मधल्या माणसाच्या पायात बोगद्यासारखा उंचवटा येतो आणि पाठीला आर्मरेस्टचा कडक भाग लागतो. तिथे धाकटं पोर बसणार की मोठं माणूस, ते आधी ठरवा. सेडानमध्ये पाच माणसं कायदेशीर आहेत. "लग्नाला जाऊ तेव्हा सात बसू" हे मनात असेल तर सात सीटांची गाडीच बघा. सेडानमध्ये सात म्हणजे दोघांना पट्टा नाही आणि साडेतेरा सेंटिमीटरचंही काही खरं नाही.

डिक्की या सगळ्यांत भरपूर. वेर्नाची 528 लिटर, स्लाव्हिया-व्हर्टसची 521, सिटीची 506. वीस-बावीस लिटरच्या फरकावर भांडू नका, डिक्कीचं तोंड बघा. पन्नास किलोचा कट्टा उचलून कमरेएवढ्या कडेवरून आत टाकायचा असतो, आणि तोंड अरुंद असलं की डिक्की 528 लिटरची असूनही कट्टा तिरपा करावा लागतो. मी घरून रिकामा पोता नेला होता, त्यात त्यांच्याच सीटकव्हरचे गठ्ठे भरून घालून बघितलं.

मैदानात कोण कोण आहे

जुन्या यादीतल्या बऱ्याच गाड्या आता मिळत नाहीत, हे आधी समजून घ्या. मारुतीची सियाझ 2025 मध्ये बंद झाली. डिझेल सेडानही या गटातून गेल्या. एप्रिल 2023 पासून प्रदूषणाचे बीएस-6 चे दुसऱ्या टप्प्यातले नियम लागू झाले, तेव्हा सिटीचं डिझेल थांबलं आणि त्याच वर्षी नवी आलेली वेर्ना फक्त पेट्रोलवर आली. "डिझेलच घ्या, अ‍ॅव्हरेज देते" हा काकांचा सल्ला नव्या मिडसाइज सेडानला लागू पडत नाही.

उरल्या चार. होंडा सिटी, ह्युंदाई वेर्ना, स्कोडा स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टस. शेवटच्या दोघी सख्ख्या बहिणी आहेत. सांगाडा तोच, इंजिनं तीच, फरक चेहऱ्यात, आतल्या सजावटीत आणि कोणत्या मॉडेलला काय दिलंय यात. त्यामुळे त्या दोघींत घासाघीस करायची असेल तर ती किमतीवर आणि वर्कशॉपच्या अंतरावर करा.

सीएनजी हवा असेल तर या चौघींना सोडून चार मीटरच्या आतल्या सेडानकडे वळावं लागतं, म्हणजे डिझायर, ऑरा, टिगोर. त्याबद्दल पैशांच्या भागात सांगतो, कारण तिथे खरा मुद्दा कराचा आहे.

इंजिन: आकड्याच्या शेजारचा आकडा वाचा

सिटीचं दीड लिटरचं साधं पेट्रोल इंजिन 121 पीएस ताकद आणि 145 न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाकं फिरवायचा जोर, देतं. वेर्नाचं साधं दीड लिटर 115 पीएस आणि 144. स्लाव्हिया-व्हर्टसचं एक लिटरचं, तीन सिलिंडरचं टर्बो, म्हणजे हवा दाबून आत भरणारं, इंजिन 115 पीएस आणि 178. ताकद जवळपास सारखी, मग फरक काय? टॉर्क कधी मिळतो ते बघा. एक लिटरच्या टर्बोत तो इंजिनाच्या मिनिटाला 1750 फेऱ्यांपासून मिळायला लागतो. सिटी आणि वेर्नाच्या साध्या इंजिनात पूर्ण टॉर्क यायला चार हजारांच्या वर फेऱ्या लागतात.

रस्त्यावर याचा अर्थ असा. आर्वी-पुलगाव रस्त्यावर कापसानं फुगलेला ट्रक पुढे आहे, गाडीत पाच माणसं आणि सामान, एसी सुरू. ओव्हरटेक करताना टर्बो त्याच गिअरमध्ये उचलते. साध्या इंजिनाला एक गिअर, कधी दोन गिअर खाली घ्यावे लागतात, मग ते आवाज करत पण इमानदारीनं जातं. चिखलदऱ्याच्या घाटात हाच फरक आणखी जाणवतो. नवशिक्यानं गिअर खाली घ्यायला घाबरू नये, इंजिन ओरडतं म्हणजे बिघडलं असं नसतं.

वेर्नाचं दीड लिटर टर्बो 160 पीएसचं आणि स्लाव्हिया-व्हर्टसचं दीड लिटर टर्बो 150 पीएसचं आहे. पहिल्यांदा चारचाकी घेणाऱ्याला एवढ्या ताकदीची गरज नाही, असं माझं सरळ मत आहे. माझा मुलगा या मताशी सहमत नाही.

टर्बोची एक अट मात्र पाळा. ऑइल वेळेवर आणि कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडचंच. ज्यांच्या ट्रॅक्टरचं ऑइल "चालते नं अजून" म्हणत दीड वर्ष चालतं, त्यांनी साधं इंजिन घेतलेलं बरं. सिटी आणि वेर्नाची साधी इंजिनं या बाबतीत थोडी सोशीक आहेत.

ऑटोमॅटिक घ्यायची असेल तर प्रकार विचारून घ्या. सिटीत सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअरच नसलेली, आहे, वेर्नाच्या साध्या इंजिनासोबत तशीच आयव्हीटी. स्लाव्हिया-व्हर्टसच्या एक लिटर इंजिनासोबत टॉर्क कन्व्हर्टर येतो. दीड लिटरच्या टर्बोंना ड्युअल क्लच असतो. आठवडी बाजारात बैलांच्या मागे अर्धा तास रांगत जायचं असेल, तर ड्युअल क्लचपेक्षा आधीचे प्रकार जास्त सुखाचे.

सिटीचं हायब्रिड मॉडेलही आहे, कंपनीचा दावा लिटरला 27.13 किलोमीटरचा. हिशेब करून बघा. महिन्याला हजार म्हणजे वर्षाला बारा हजार किलोमीटर, पेट्रोल 105 रुपये धरलं, साधी गाडी प्रत्यक्षात 14 देते आणि हायब्रिड 20 देते असं मानलं. साध्या गाडीला वर्षाला 90 हजारांचं पेट्रोल, हायब्रिडला 63 हजारांचं. वाचले 27 हजार. दोन्ही गाड्यांच्या किमतीतला फरक चार लाखांचा धरला तरी तो वसूल व्हायला जवळपास पंधरा वर्षं लागतात. रोज शंभर किलोमीटर जाणाऱ्याचं गणित वेगळं, आपलं वेगळं.

मे महिन्याची परीक्षा

आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो हे बाहेरच्या लेखकांच्या लक्षात येत नाही. ते सनरूफचं कौतुक करतात. दुपारी दोन वाजता अकोल्याच्या रस्त्यावर डोक्यावरची काच काय करते ते अनुभवून बघा. पडदा लावला तरी ती तापते. सनरूफशिवाय मॉडेल मिळत असेल तर मी तेच घेईन, आणि मी तेच घेतलं. आतून काळ्याकुट्ट गाडीपेक्षा फिकट रंगाची बरी, बाहेरून पांढरी सगळ्यात बरी. मागे एसीच्या जाळ्या हव्याच.

टेस्ट ड्राइव्ह सकाळी दहाला घेऊ नका, शोरूमवाले तीच वेळ देतात. दुपारी दोनला जा, गाडी तासभर उन्हात उभी ठेवायला सांगा, मग पाच जण बसून एसी लावा आणि मागच्या माणसापर्यंत गार हवा यायला किती मिनिटं लागतात ते मोबाइलवर मोजा. काळ्या फिल्मनं हा प्रश्न सुटत नाही. पुढच्या आणि मागच्या काचेतून 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के उजेड आलाच पाहिजे असा नियम आहे, चौकात गाडी थांबवतात.

उन्हाचा दुसरा वार टायरवर होतो. येळाकेळीहून समृद्धी महामार्गावर चढलं की गाडीला 120 ची मुभा आहे, रस्ता सिमेंटचा, आणि पारा 45. हवा कमी असलेला टायर अशा वेळी बाजूनं वाकत राहतो, वाकून तापतो आणि फुटतो. चालकाच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर साध्या आणि भरलेल्या गाडीसाठी हवेचे वेगवेगळे आकडे असतात. हवा टायर थंड असताना, म्हणजे घरून निघतानाच तपासायची. टायरचं मापही वाचायला शिका. 185/65 आर15 म्हणजे रुंदी 185 मिलिमीटर आणि बाजूची भिंत तिच्या 65 टक्के, म्हणजे 120 मिलिमीटर. 205/55 आर16 ची भिंत 113. वरच्या मॉडेलचा मोठा अलॉय दिसायला देखणा, पण खड्ड्यात भिंत जितकी जाड तितकं रिम वाचतं.

सुरक्षा

स्लाव्हिया, व्हर्टस आणि वेर्ना तिघींना गाड्या आदळून तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या 2023 च्या चाचण्यांत पाच तारे मिळालेत. एअरबॅग सहा हव्यात, मागच्या तिन्ही जागांना तीन टोकांचा पट्टा हवा आणि लहान मूल असेल तर त्याच्या सीटचे आयसोफिक्स हुक सापडतात का ते बोटांनी चाचपून बघा. मुलाला मांडीवर घेऊन पुढे बसणं बंद करा.

सिटी आणि वेर्नाच्या वरच्या मॉडेलला गाडी आपोआप ब्रेक मारते, लेन सांभाळते अशी सोय येते. समृद्धीवर तिचा उपयोग आहे. गावरस्त्यावर पट्टेच नसतात, मग लेन काय सांभाळणार? त्या पैशात चांगले एलईडी हेडलाइट असलेलं मॉडेल निवडा. आपल्याकडे रात्री रोही, म्हणजे नीलगाय, आडवी येते, रानडुकरांचा कळप येतो. अंधार पडल्यावर साठच्या वर जाऊ नका.

वर्कशॉपला फोन लावा, शोरूमला नव्हे

शोरूम तुम्हाला एकदाच लागतं, वर्कशॉप दहा वर्षं. तुमच्या घरापासून प्रत्येक कंपनीचं वर्कशॉप किती किलोमीटरवर आहे ते वहीत लिहा. मग थेट तिथे फोन करून चार वस्तूंची किंमत आणि त्या यायला किती दिवस लागतात ते विचारा. चेंबर, पुढचा बंपर, समोरची काच, क्लचप्लेट. गावरस्त्यावर याच चार लागतात. किमतीपेक्षा दिवसांचं उत्तर जास्त बोलकं असतं. मला एकानं बंपरसाठी "दोन दिवस" सांगितलं आणि दुसऱ्यानं "मागवावा लागेल, सांगतो", आणि मग सांगितलंच नाही. डेंटिंग-पेंटिंग जिल्ह्यात होतं की नागपूरलाच गाडी न्यावी लागते, तेही विचारा.

पैसे

या चारही गाड्यांची एक्स-शोरूम किंमत साधारण दहा-बारा लाखांपासून सुरू होते. त्यावर काय चढतं ते बारा लाखांच्या गाडीवर बघू. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत 11 टक्के आणि दहा ते वीस लाखांत 12 टक्के एकरकमी कर आहे, म्हणजे 1 लाख 44 हजार. विमा पाऊण लाखाच्या आत, बहुतेक वेळा पन्नास हजारांच्या आसपास. दहा लाखांवरच्या गाडीवर एक टक्का टीसीएस, म्हणजे 12 हजार. सगळं मिळून चौदा लाखांच्या थोडं वर.

या टीसीएसपाशी शेतकरी कुटुंबानं थांबावं. तो तुमच्या पॅनवर जमा होणारा प्राप्तिकर आहे, गाडीचा खर्च नाही. ज्याच्या नावानं गाडी घेतली त्यानं त्या वर्षाचं विवरणपत्र भरलं आणि कर लागत नसेल, तर तो पूर्ण परत येतो. शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून आपल्याकडे कित्येक जण विवरणपत्र भरतच नाहीत आणि बारा हजार तिथेच राहतात. शोरूमकडून टीसीएसचं प्रमाणपत्र मागून घ्या.

विम्यात नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी एकदम घ्यावा लागतो. जून 2022 पासूनच्या दरांनी हजार सीसीपर्यंत तो 6,521 रुपये आहे आणि हजार ते दीड हजार सीसीला 10,640. स्लाव्हिया-व्हर्टसचं एक लिटर इंजिन 999 सीसीचं असल्यामुळे खालच्या दरात बसतं. फुल इन्शुरन्ससोबत झिरो डेप्रिसिएशन, म्हणजे बदललेल्या भागांच्या किमतीतून घसारा न कापणारं कलम, घ्याच. इंजिनाचं संरक्षणही घ्या, कारण रपट्यावर पाणी असताना गाडी घातली आणि इंजिनात पाणी शिरलं तर साधा विमा हात वर करतो. विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नसते, बाहेरचं एक कोटेशन खिशात ठेवून बोला. मला मिळालेल्या एका कोटेशनमध्ये "हँडलिंग" म्हणून एक रक्कम होती. ती कशाची, हे तिथल्या कुणालाच सांगता आलं नाही, आणि मी पेन काढून त्यावर रेघ मारल्यावर कुणी काही बोललंही नाही.

आता चार मीटरच्या आतल्या सेडानचं. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आत आणि 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला 18 टक्के जीएसटी आहे, आपल्या या चौघींना 40 टक्के. एवढ्या फरकामुळे डिझायर किंवा होंडाची अमेझ बऱ्याच स्वस्त पडतात. नव्या डिझायरलाही ग्लोबल एनकॅपचे पाच तारे आहेत आणि मारुतीचं वर्कशॉप जवळ सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त. कमी काय? डिक्की 382 लिटर, सीएनजी घेतली तर तीही बहुतेक टाकीत जाते, आणि मागे तीन मोठी माणसं दाटीवाटीनं. चार जणांच्या कुटुंबाला मी बेधडक तीच सांगेन. आम्ही सहा आहोत. आई-बाबा, दोन पोरं आणि आम्ही दोघं एकाच गाडीत तसेही मावत नाही, बाबा बहुतेक वेळा "मी वावरात आहे" म्हणून मागे राहतात.

कर्जाचा हप्ता महिन्याला येतो आणि आपला पैसा येतो सोयाबीन, कापूस, तूर विकल्यावर. नऊ लाखांचं कर्ज 9 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण 18,700, व्याज सव्वादोन लाखांच्या आत. सात वर्षांसाठी हप्ता 14,500, पण व्याज तीन लाखांच्या वर. घरात पगारदार माणूस असेल तर ठीक. नसेल तर सहामाही हप्ता देता का हे बँकेला आधीच विचारा, आणि मुदतीआधी पैसे भरले तर दंड किती ते लेखी घ्या. कापूस विकल्यावर मूळ रकमेत भरणा करता आला पाहिजे.

गाडी ताब्यात घेताना

नोंदणी आपल्या जिल्ह्याची करा. नागपूरच्या शोरूममधून घेतली तरी वर्ध्याच्या माणसाला एमएच 32 मिळतो. पैसे पूर्ण भरण्याआधी गाडी उजेडात बघा, सायंकाळी शोरूमच्या दिव्याखाली नव्हे. पाचही टायरवर चार अंकी शिक्का असतो. 2325 म्हणजे 2025 सालचा तेविसावा आठवडा. चार टायर एका सुमाराचे आणि पाचवा फार जुना असेल तर विचारा. स्टेपनी, जॅक, पाना स्वतः बाहेर काढून बघा. दसरा-पाडव्याला डिलिव्हरीची झुंबड असते, तपासणीसाठी दोन दिवस आधी जा, मुहूर्ताला फक्त किल्ली आणि हार.

चेंबर गार्ड कंपनीच्या यादीत असेल तर तिथेच बसवून घ्या. बाहेरचा जड पत्रा बसवला तर तोच पोटाखाली दोन सेंटिमीटर खातो, म्हणून बसवल्यावर तुराटीची काडी पुन्हा लावून बघा.

घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात एक करा. गाडी गोठ्याजवळ किंवा तुरीच्या पोत्यांजवळ उभी राहणार असेल तर उंदीर बॉनेटमध्ये ऊब शोधत येतात आणि वायरी कुरतडतात. रात्री बॉनेटखाली सुकलेली ढेप, भुसा काही सांडलेलं राहू देऊ नका, गाडीची जागा दर दोन-चार दिवसांनी बदला आणि सकाळी सुरू करण्याआधी बॉनेट उघडून आत एक नजर टाका. आमच्या गाडीत तिसऱ्याच दिवशी बॅटरीवर अर्धी खाल्लेली भुईमुगाची शेंग सापडली.